दुसरी डिस्क उठली नाही

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मागच्या सोमवारी मी तुमचं नाव खराब केलं. तेच सांगायला बसले आहे. फार थकले आहे, त्यामुळे आडवळणाने लिहिणार नाही.

अकोल्यात तुमच्याकडे लिनक्स शिकायला यायचे तेव्हा तुमचा सर्व्हर स्वयंपाकघरात असायचा, कारण अख्ख्या घरात धड अर्थिंग तेवढ्या एकाच प्लगला होतं. काकू ओट्याशी पोळ्या लाटतायत, आम्ही चौघं फरशीवर मशीन उघडून बसलोय आणि तुम्ही मधूनमधून त्याच्या पंख्यावरचं पीठ पुसताय. त्या दिवशी मी दोन डिस्कची जोडी लावली होती. जे एकीवर लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही, म्हणजे एक गेली तरी काम अडायला नको. मशीन सुरू झालं. मी फुशारून तुमच्याकडे पाहते. तुम्ही ते बंद करता, पहिली डिस्क काढून तांदळाच्या डब्यावर ठेवता आणि म्हणता, "आता उठव त्याले." स्क्रीन काळीच राहते. "काहून वं, दोन डिस्का लावल्या म्हणून निवांत झाली काय? समदं हाये त्या दुसरीजवळ, पण उठाचं कसं हे तिले तुनं सांगतलंच नाई." मशीन सुरू करून देणारा तो एवढासा प्रोग्राम, ग्रब, मी पहिल्याच डिस्कवर टाकला होता. सगळ्यांसमोर रडू आलं, तुमचा रागही आला. काकूंनी गरम पोळी हातात दिली तेव्हा कुठे गप्प झाले.

आता अमरावतीत एका डोळ्यांच्या दवाखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळते. तिथला सर्व्हर मीच लावला, घाईघाईत, आणि नेमकी तीच चूक केली. पहिली डिस्क काढून पाहिलीच नाही. सोमवारी सकाळी ती गेली. सगळ्या पेशंटची माहिती दुसरीवर शाबूत, पण मशीन सुरू होईना. बाकांवर खेड्यांतून पहिल्या एसटीने आलेली माणसं बसलेली. एक आजी सारखं विचारत होत्या, "माह्या डोयाचं आज होते का नाई?" त्यांचं झालं नाही. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून मी दुसऱ्या डिस्कवर ग्रब टाकला, तोवर ऑपरेशनचे पेशंट परत गेले होते.

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. "असं अर्धं काम कोनं शिकवलं तुमाले?"

"अकोल्याच्या आमच्या सरांनी," मी म्हणाले. "ते असंच लावायचे."

इतकं सहज तोंडातून निघालं, की मीच दचकले. डॉक्टर हसले. "मास्तरच कच्चा, मंग तुमचा काय दोष!" माझं काम टिकलं. आता प्रिंटर अडला तरी ते विचारतात, हा तुमच्या अकोल्याच्या मास्तरानं लावला काय? कंपाउंडर हसतो. मीही हसते, आणि मग दिवसभर स्वतःचीच शिसारी येते. तुम्ही असता तर असं बोलायची माझी छाती झाली नसती.

नवी डिस्क आली. ग्रब दोन्हींवर टाकला, आळीपाळीने एकेक काढून पाहिली, मशीन दोन्हींवरून सुरू होतं. तेवढं नीट केलंय. पण हे सगळं मी तुम्हाला लिहितेय ते तुम्ही वाचणार नाही म्हणूनच. ज्यांना सांगायला हवं, त्यांची केबिन सर्व्हरच्या खोलीला लागून आहे. आठ दिवस झाले, मी अजून हे सांगायला तिथे गेलेले नाही.