व्हय महाराजा

बाबा, कसे आहात? घसा आता दुखत नाही ना? आईचे गुडघे काय म्हणतात? आपल्या घाटकोपरच्या टेकडीवरच्या पायऱ्यांनी त्यांची पार वाट लावली होती, तिकडे तरी सपाटी असेल. शेजारच्या मावशींचा दमा? त्या तिकडेही चहाच्या वेळेला बरोबर हजर होत असतील. आम्ही इकडे ठीक. तुमच्या सुनेची साखर वरखाली होते, तोंडाला आवर नाही. माझ्या डोळ्यांत नवी भिंगं बसवली, त्यामुळे तुमच्या फोटोवरची धूळ आता मला दिसते आणि पुसावी लागते.

काल सोसायटीच्या पूजेला गाऱ्हाणं मीच घातलं, आणि रात्रभर तुम्ही डोळ्यांपुढून हलला नाहीत. गाऱ्हाणं म्हटलं की ते तुमचंच. मागाच्या खडखडाटावर ओरडून कमावलेला तुमचा आवाज. गिरणी बंद पडली तरी आवाज कामावर होता. देवापुढे नारळ ठेवून तुम्ही मागणं मागायचात आणि वाक्यावाक्याला सगळी चाळ म्हणायची, "व्हय महाराजा!" मी तेवढा दारात हाताची घडी घालून उभा. सातवीत शाळा सुटली होती, पण वाचनालय सुटलं नव्हतं. चार पुस्तकं वाचून मला शिंगं फुटली होती. अंधेरीच्या कारखान्यात काम तपासणीचं. मापात बसला तर माल पुढे, नाही तर बाजूला. देवालाही मी तेच माप लावत होतो.

एका रविवारी आई बांगडे तळत होती आणि मी तुमच्यामागे लागलो होतो. "एक पुरावा द्या बाबा. फक्त एक. देव आहे याचा." तुम्ही काटा काढता काढता म्हणालात, "तू माझो झील, ह्येचो पुरावो मी कधी मागलंय?" आईने चुलीपाशी बसूनच कालथा उगारला, "शिरा पडो तुमच्या तोंडार!" आपण तिघंही हसलो. मी मात्र मनात म्हटलं, मुलगा आपलाच याचा पुरावा बाप मागत नाही हे खरं, पण हे उत्तर नव्हे, ही बगल आहे.

मग तुमच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी चाळीतल्या आपल्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मावशी म्हणाल्या, "गावाक निरोप धाडा, देवाक कौल लावूंदे. उजवो दिल्यान तरच कापूक द्या." कौल म्हणजे देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवीकडची पडते की डावीकडची, त्यावरून त्याचा होकार-नकार ओळखायचा. मला वाटलं, पुराव्याची एवढी आयती सोय तुम्ही सोडणार नाही. तुम्ही घोगऱ्या आवाजात म्हणालात, "आणि देवान नाय म्हटल्यान, तर डाक्टराक घराक धाडतलंस? त्येका कित्याक साक्षीक उभो करतास? गाऱ्हाणा घाला, पुरे."

पण घालणार कोण? तुमचं पहिलंच वाक्य खोकल्यात बुडालं. तुम्ही नारळ उचललात आणि माझ्या हातात दिलात. मी म्हटलं, "बाबा, मी? तुम्हाला माहीत आहे ना माझं?" तुम्ही म्हणालात, "तुझा तुझ्याकडे ठेव. आता घाल."

मी सुरू केलं. बा देवा महाराजा, आज ही लेकरा तुझ्या पायाशी जमली आसत. "व्हय महाराजा!" ह्येंची वाकडीतिकडी सेवा गोड मानून घे. "व्हय महाराजा!" पुढे तुमच्यासाठी मागायचं होतं, आणि तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही उशीला टेकून डोळे मिटलेले. तोंडातून निघालं ते मागणं नव्हतंच. मी म्हणालो, "तू आसस मा रे, महाराजा?"

तू आहेस ना, असा हा खराखुरा प्रश्न आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सवयीने सगळी खोली गरजली, "व्हय महाराजा!"

बाबा, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डोक्यावरचे पत्रे थरथरले. ही नुसती सवय, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं एकीकडे राहिलं, आणि मी त्या आवाजाखाली एवढासा होऊन उभा राहिलो, समुद्रापुढे पहिल्यांदा उभं केलेल्या पोरासारखा. तुम्ही डोळे उघडलेत. तुम्हाला तेवढं कळलं होतं, कारण तुमच्या मिशीत हसू होतं.

तुम्ही वाचलात, आवाज गेला. वॉर्डात मी रागाने तुमच्या कानाशी विचारलं, "एवढं सगळ्यांनी मागितलं, काय राखलं त्याने?" तुम्ही हात उचलून दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवलीत, मी बोलत होतो तिथे. त्या दिवसापासून गाऱ्हाणं माझ्याकडे आहे.

पुरावा अजून मिळालेला नाही, बाबा. मापात बसवायला गेलो की तो हाताला लागत नाही. पण एक गोष्ट कुणाला बोललो नाही, तुम्हालाही नाही. त्या संध्याकाळी "व्हय" म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. प्रश्न माझा, आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने उत्तरही माझंच.

हे पत्र टाकणार कुठे? तुमचा पत्ता नाही, तुम्ही कुठे आहात याचाही पुरावा नाही. तरी उत्तर लवकर धाडा. वाट बघतो.