बिजागरीच्या जागी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे (म्हणजे आम्ही दोघं) सुखरूप आहोत. तुझा गुडघा आणि भाऊजींचा स्वभाव दोन्ही आता बरे असतील असं धरून चालतो. पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे परवा फोनवर तू सहज विचारलंस की, माझा तो जुना लॅपटॉप अजून आहे का रे, आणि मी नुसतं ‘आहे’ म्हणून फोन ठेवला. ते बरोबर झालं नाही. एवढ्या मोठ्या विषयाला एका शब्दात उरकणं म्हणजे कृतघ्नपणाच.

तर आहे. लग्न होऊन जाताना ‘तीनचार महिने चालेल, मग टाकून दे’ असं म्हणून तू तो मला दिलास. त्यानंतर तुझी पोरं कॉलेजात गेली. ही त्याला पाटा म्हणते, कारण मांडीवर घेतला की पाय बधिर होतात. मध्यंतरी तो माळ्यावरून पडला. त्याला काही झालं नाही, फरशीचा टवका गेला. एकदा त्याच्यावर अख्खा कपभर चहा सांडला, तेव्हापासून तो उलट जरा लवकर सुरू होतो. मिक्सर आणि पाण्याच्या पंपांबरोबर जी माहितीपुस्तकं येतात (जी कुणीही वाचत नाही), त्यांची एका ऑफिससाठी घरून भाषांतरं करून मी पोट भरतो, आणि ती सगळी त्याच्यावरच केली. त्यातले बहुतेक पंप एव्हाना भंगारात गेले असतील.

गेल्या वर्षी हिचा बाटल्यांचा कारखाना बंद पडला, हे तुला माहीत आहे. बाटलीला तडा आहे की नाही हे नुसत्या नजरेने सांगणारी बाई, घरी बसून माझ्यात तडे शोधू लागली. (सापडले.) अर्ज पुष्कळ केले, उत्तरं येईनात. तशात एका औषधांच्या बाटल्या करणाऱ्या कारखान्याने मुलाखतीला बोलावलं, तीही घरबसल्या, पडद्यावर. त्यासाठी हिने मुद्दाम नवा लॅपटॉप घेतला, वहीच्या पुठ्ठ्याएवढा पातळ, आणि पाट्याला कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिलं. वाईट वाटलं, पण तसं दाखवण्याचं वय राहिलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी ही इस्त्रीची साडी नेसून बसली, आणि ऐन वेळी नव्या लॅपटॉपने कळवलं की तो स्वतःत काही सुधारणा करून घेतो आहे, तोवर बंद करू नये. सुधारणा अशी हळूहळू चालली होती की माझीच आठवण झाली. हिचा चेहरा उतरला. मी निमूटपणे पाटा काढून आणला. तो सुरू झाला, पण त्याची बिजागरी पूर्वीच तुटली आहे, पडदा मान टाकतो. एरवी मी मागे पिठाचा डबा लावतो, पण डब्याने हिचं फक्त कपाळ दिसत होतं. शेवटी मीच टेबलामागे गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हातांनी पडदा धरला.

समोर कारखान्याचे मोठे साहेब होते. पाट्याचा पंखा असा घरघरत होता की त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या कारखान्यातून बोलताय का. ही म्हणाली, घरातूनच. थोड्या वेळाने माझे हात भरून आले, पकड बदलताना एक बोट कॅमेऱ्यावर आलं. हे काय, असं साहेबांनी विचारलं. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

“आमचे यजमान आहेत,” ही शांतपणे म्हणाली. “बिजागरी तुटली आहे, तिच्या जागी बसलेत.”

मग साहेबांनी विचारलं, एवढं जुनं झालंय तर टाकून का देत नाही.

“दिसायला वाईट म्हणून मी कधी माल नापास केला नाही,” ही म्हणाली. “काम देतो की नाही, तेवढं बघते. हा अजून देतो.”

ताई, मला हिचा चेहरा दिसत नव्हता, पडद्याची पाठ तेवढी दिसत होती. हे ती लॅपटॉपविषयी बोलली की माझ्याविषयी, ते मी अजून विचारलेलं नाही. हात मात्र नंतर अजिबात दुखले नाहीत. नोकरी मिळाली. पहिल्या तारखेपासून जायचं आहे.

पोरांना आशीर्वाद. भाऊजींना नमस्कार (ते रागावले नसतील तर).

तुझा धाकटा,
भाऊ

ता. क. खरं कामाचं राहिलंच. येत्या बुधवारी साहेबांना हिच्याशी पुन्हा पडद्यावर बोलायचं आहे, आणि त्याच दिवशी मला परगावी प्रशिक्षणाला जायचं आहे. भाऊजी एक दिवस मोकळे असतील का? विशेष काही येत असण्याची गरज नाही. न हलता बसता आलं पाहिजे आणि मधे बोलायचं नाही. दुसरं जमेल का, हे तूच सांगू शकशील.

ता. क. २. वरची विनंती रद्द समज. नव्या लॅपटॉपच्या सुधारणा मुलाखतीच्या संध्याकाळीच संपल्या होत्या, हे मला आत्ता कळलं; तो उत्तम चालतो. मग बुधवारी त्याच्यावरूनच बोल की, असं मी हिला म्हटलं. तर म्हणाली, त्याच्यामागे कुणी नसतं. भाऊजींना पाठवू नकोस. प्रशिक्षणाला येत नाही म्हणून मी कळवलं आहे. कारण खरं तेच दिलं, पण ते आमच्या ऑफिसात कुणाला पटलेलं नाही.