विहिरीवरची जाळी

भूम
मंगळवार, २० जानेवारी २०२६

आदरणीय आबांना,
तुमच्या वृषालीचा सविनय जयभीम.

आम्ही सगळे इथं खुशाल आहोत. आईच्या गुडघ्याचं कसं आहे? तिला सांगा, कारळ्याची चटणी पोचली आणि निम्मी त्याच दिवशी संपली. तुमच्या जावयानं डब्यात भरून कामावर नेली आणि तिथं वाटून आला. दुसऱ्याच्या वस्तूच्या बाबतीत बुद्धघोष फार उदार आहे. आम्रपालीला शाळेत पहिल्या बाकावर बसवलंय. बडबडीमुळं बसवलंय, हुशारीमुळं नाही, तेव्हा गावात सांगत फिरू नका. माझी ड्युटी सध्या आपल्याच जिल्ह्यातल्या भूम–वाशी गाडीवर आहे. कंडक्टरला थंडी वाजत नाही असं डेपोतल्या लोकांना का वाटतं कोण जाणे, पण सकाळची पहिली फेरी मलाच देतात.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर पोहण्याचा विषय निघाला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं. बाकी सगळं ऐकू येतं. "रेंज न्हाय" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. पण ज्यानं जन्मभर सायकलवरून लोकांची पत्रं घरोघरी पोचवली, तो माणूस स्वतःच्या नावाचं पत्र अर्ध्यात मिटून ठेवणार नाही, एवढा मला भरवसा आहे. पत्राच्या शेवटी माझं एक मागणं आहे. ते आपल्या विहिरीबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र शेवट आधी वाचायचा नाही.

तर रविवारी माकणीच्या धरणावर ती स्पर्धा झाली. लोहाऱ्याच्या काही डॉक्टर आणि मास्तर मंडळींनी मिळून भरवली होती. ट्रायथलॉन म्हणतात तिला. आधी पाऊण किलोमीटर पोहायचं, अंग पुसायलाही न थांबता वीस किलोमीटर सायकल मारायची आणि वर पाच किलोमीटर पळायचं. आई म्हणाली, "एवढं करून देत्यात काय?" मी म्हटलं, एक बिल्ला. ती म्हणाली, "मग घरीच पाणी शेंद की." आपल्या घरापासून धरण सायकलनं दहा मिनिटांवर. तुम्ही याल असं मला वाटत होतं. आईनं फोनवर सांगितलं की तुम्ही पेन्शनच्या कामाला लोहाऱ्याच्या पोस्टात निघालात. रविवारी. पोस्ट रविवारी उघडं असतं हे मला नव्यानंच कळलं.



आबा, सकाळी माझी बोटं माझी नसतात. आमवात म्हणजे काय हे तुम्ही पाहिलंय, पण मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. उठल्यावर तासभर हात मुठीत येत नाहीत, घोटे कुणीतरी सिमेंट ओतून बसवल्यासारखे असतात. वाईट दिवशी मी तिकिटाच्या मशीनची बटणं बोटाच्या पेरानं दाबते आणि मागून कुणीतरी ओरडतं, "मॅडम, उरका की!" मी म्हणते, "आधी तुम्ही आत सरका." म्हणून रविवारी मी अंधारातच उठले. बुद्धघोषनं बादलीभर कढत पाणी दिलं, त्यात हात-पाय शेकले, बोटं एकेक करून उघडली. धरणावर पोचेपर्यंत मी बऱ्यापैकी माणसात आले होते.

काठावर सगळी तरणी पोरं. कुणाचे काळे चकचकीत कपडे, कुणाच्या मनगटावर घड्याळं. त्यात मी, फुगलेल्या मनगटांची एसटीची कंडक्टर. एकजण म्हणाला, "मावशी, पाणी लई गार हाय." मी म्हटलं, "व्हय, म्हणूनच तुम्ही अजून काठावर हाय."

आणि उतरले.

खरं सांगते, पाण्यात गेले की माझे सांधे गप्प बसतात. जमिनीवर प्रत्येकाची काही ना काही तक्रार असते. पाण्यात कुणावर भारच नसतो, तक्रार कशाची करणार? मी हात मारत होते आणि मला सारखा तो डबा आठवत होता. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, झाकण घट्ट लावून दोरानं माझ्या पाठीला बांधलेला. तुम्ही खाली पाण्यात, मी पायरीवर रडत, आणि तुम्ही म्हणत होतात, "डबा हाय ना पाठीला? मग कुणाला भेतीस?" रोज सकाळी विहिरीवर जायच्या आधी तुम्ही त्या डब्यात तांब्याभर पाणी ओतत होतात. मला न सांगता, रोज थोडं जास्त. आणि एक दिवस मी विहिरीला फेरा मारून आले तेव्हा तुम्ही डबा सोडलात, झाकण काढलंत आणि माझ्यासमोर उपडा केलात. काठोकाठ भरलेला होता. "कशानं तरली गं तू?" असं विचारून तुम्ही एवढे हसलात की आई घरातून पळत आली.

रविवारी धरणाच्या मध्यावर मला ते हसू आठवलं आणि नाकातोंडात पाणी गेलं. तरी मधल्या घोळक्यात बाहेर आले. बाहेर येताना काठावर मला काहीतरी दिसलं. ते पुढं सांगते.

सायकलवर वारा समोरून होता. डेपोतल्या बजरंग मेकॅनिकनं हँडलला जाड रबर गुंडाळून दिलंय, म्हणजे घट्ट पकडावं लागत नाही. गियर मी तळहातानं ढकलते. तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून टपाल वाटत फिरलेली पोर आहे मी, चढ-उतार मला पाठ आहेत. पुढं दोन पोरं शेजारी शेजारी गप्पा मारत चालली होती. मी गाडीतला आवाज काढला, "चला, बाजूला सरका!" दोघंही सरकली. सवय असते लोकांना.

पळणं मात्र अवघड गेलं. तळपायात खडे भरल्यासारखं होत होतं आणि डावा घोटा सुजायला लागला होता. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की थोडं पळायचं, थोडं चालायचं, आणि दुखणं वेगळ्या जातीचं वाटलं तर थांबायचं. ओळखीचंच दुखणं होतं. ज्यांना जमत नाही त्यांना उचलायला मागून एक जीप येत होती. ती माझ्याशेजारी आली आणि आतला माणूस म्हणाला, "ताई, बसा गाडीत." आबा, मला राग आला. मी दिवसभर लोकांना गाडीत बसवते. मला कुणी बसवायचं नाही. मी हातानंच खूण केली, डबल बेल, जाऊ द्या पुढं.

स्पर्धा संपते तिथली कमान दिसली तेव्हा लोक पांगत होते. आम्रपाली मात्र कमानीच्या मधोमध उभी राहून किंचाळत होती, "आई, आई, आई!" शेवटचा तुकडा मी चालले नाही. पळाले. माझ्या मागं अजून तिघं होते. गळ्यात बिल्ला पडला आणि मी भोंगा पसरून रडले. पाठोपाठ हसायला आलं, कारण कुणीतरी पाण्याची बाटली दिली आणि मला तिचं झाकण फिरवता येईना. धरण पोहून आलेल्या बाईला बाटली उघडत नव्हती! आम्रपालीनं उघडून दिली.

आता पाण्यातून बाहेर येताना काय दिसलं ते सांगते.

काठावर, लोकांच्या मागं, चिलारीच्या झाडाखाली तुमची सायकल उभी होती. शेजारी तुम्ही. खाकी स्वेटर, कानाला मफलर, हात पाठीमागं बांधलेले. सगळे लोक पाण्याकडं बघत होते. तुम्ही एकटे पाण्याकडं पाठ करून उभे होतात.

मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तुम्ही सायकलवर टांग टाकून खरंच लोहाऱ्याला गेला असतात.

आबा, धम्मचक्र दिनाला घरी आले होते तेव्हा आई मला सगळं बोलली. आम्रपालीच्या जन्मानंतर माझे हात सुजले, आजाराचं नाव कळलं, आणि पुढच्याच महिन्यात तुम्ही विहिरीवर लोखंडी जाळी ठोकलीत. लेकरं पडतील, म्हणालात. आपल्या रानात लेकरं कुठली? पण मी तेच खरं धरलं होतं. आई म्हणाली, "तेनला वाटतंय, म्याच पोरीला गार पाण्यात कुजवली. रातचं उठून बसत्यात." त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरं काही नाही. ही स्पर्धा मी बिल्ल्यासाठी केली नाही. तुमच्या डोळ्यांदेखत पाण्यातून धड बाहेर यायचं होतं, म्हणून केली. आणि तुम्ही पाठ केलीत.

म्हणून आता ऐकावंच लागेल. डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम विचारलं, लहानपणी विहिरीत पोहल्यानं हा आजार होतो का? त्या म्हणाल्या, नाही. शरीराची राखण करणारी जी फौज असते, ती चुकून घरच्यांनाच मारायला लागते, तो हा आजार. ती का बिथरते हे अजून कुणाला धड ठाऊक नाही, पण विहिरीच्या पाण्यानं नाही, थंडीनं नाही, तुमच्यानं नाही. आजार गेलेला नाही, आबा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या चालू आहेत, चालूच राहतील. पण त्या म्हणाल्या, तुम्हाला पोहता येतं हे बरं झालं, चालता येत नाही त्या दिवसांतही त्यानं सांधे हलते राहतात. मग विचारलं, "कुणी शिकवलं?" मी म्हटलं, वडिलांनी. हे म्हणताना माझी मान ताठ होती.

घरची विहीर असताना मी तीन महिने आमच्या ड्रायव्हर शिवानंदच्या शेतातल्या विहिरीत सराव केला. त्याची आई मला पाहिली की म्हणते, "ये बाई, विहीर तुझीच हाय." माउली आहे ती. पण विहीर माझी नाही. माझी विहीर माकणीत आहे. तुमच्या लहानपणी गावच्या विहिरीच्या पायऱ्या उतरायची आपल्या माणसांना मुभा नव्हती, वरून कुणी ओतेल तेवढं पाणी आपलं. म्हणून तुम्ही आणि काकांनी स्वतःच्या हातानं विहीर खोदलीत, आणि पाणी लागल्यावर एका पोरीला त्यात मनसोक्त डुंबू दिलंत. त्या विहिरीवर तुम्हीच जाळी ठोकावी, हे मला सहन होत नाही.

माझं मागणं आता सांगते. आम्रपालीला पोहायला शिकायचंय. मी शिकवू शकते, पण मला ते नकोय. तिला तुम्ही शिकवायचं, आपल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. तिला काही होणार नाही. मलाही तुमच्यामुळं काही झालं नाही, जे झालं ते चांगलंच झालं. जाळी काढा, आबा.

आईला जयभीम. तब्येतीला जपा.

तुम्ही शिकवलंत म्हणून तरलेली,
तुमची वृषाली

---

माकणी
२८ जानेवारी

चि. वृषालीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती रडली. म्या बी.

रविवारी पोस्ट बंद असतं हे मला ठाऊक हाय. घाईत दुसरं काय सुचलं न्हाय.

पाठ केली हे खरं. बघवत नव्हतं. पर कान तिकडंच होते. तू बाहेर आली तवा शेजारचा माणूस म्हणला, ती बाई बघा, माशावानी आली. लई वाटलं म्हणावं, माझी लेक हाय ती, म्याच शिकवली. तोंडातून शब्द निघंना. परवा झेंडावंदनाला सगळं गाव जमलं हुतं, तिथं सांगितलं. दोनदा सांगितलं.

जाळी काल काढली. बोल्ट गंजले हुते. रेवणप्पा वेल्डरला बोलवून कापून घेतले. पाणी निवळ हाय. गार हाय, पर उन्हं वर आल्यावर उतरू. म्या बी उतरणार हाय. हे तुझ्या आईला आजून सांगितलं न्हाय.

जुना डबा सडला. म्हणून गोडेतेलाचा नवा डबा रिकामा केला. तेल पातेल्यात वतून तुझ्या आईनं मला चार शब्द सुनावले. झाकण घट्ट हाय, बघितलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन ये. डब्यात रोज पाणी भरायचं असतंय, ते तिला आधी सांगू नगो.

विहिरीच्या काठावरून,
तुझा आबा