तिसरं चाक

अण्णा, तुमची लांब दांड्याची हातोडी अजून माझ्याकडेच आहे. आईने ती भंगारात काढली होती, मी दुकानातून परत आणली, आणि त्यावरून तिने मला महिनाभर ऐकवलं. काल आमच्या जुन्या गाडीवाल्यांच्या कट्ट्यावर चाकांचा विषय निघाला आणि मी तुमचा तो किस्सा पुन्हा एकदा रंगवून सांगितला. एकाने तर हातच जोडले. घरी आलो तेव्हा माझी मलाच लाज वाटली, म्हणून हे लिहायला बसलोय.

ऐंशीच्या दशकातली ती दोन-तीन वर्षं मला त्या गाडीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भांडुपच्या कारखान्यातून सुटलो की थेट मुलुंडला आपल्या सोसायटीच्या आवारात, गाडीखाली. घाटातली शर्यत तोंडावर आली होती आणि माझ्यापुढे चाकांचे दोन संच होते. एक गाडीचा मूळचा, लोखंडी, काळा, जड. दुसरा कुर्ल्याच्या एका जुन्या मालवाल्याकडून आणलेला, अलॉयचा. काय चाकं होती ती! एका हाताने उचलावीत इतकी हलकी, आणि चकाकी अशी की आई म्हणाली, आता देव्हाऱ्यातच बसव. ती घातली तर गाडी चढावर पळणार होती, यात शंकाच नव्हती. पण घाटात एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. वळणावर चाक फुटलं तर संपलंच. म्हणजे माझा जीव कुठल्या चार चाकांवर ठेवायचा, एवढाच प्रश्न होता, आणि मला तो प्रश्न वाटतही नव्हता. माझं मन कधीच अलॉयवर बसलं होतं.

तुम्ही तीस वर्षं रेल्वेच्या यार्डात गाड्यांची चाकं ठोकत चालत होतात. ठोका मारायचा, आवाज ऐकायचा, पुढच्या चाकाकडे जायचं. पण रिटायर होईपर्यंत तुमचे कान गेले होते. रेडिओ कानाला लावून बसायचात तरी बातम्या आम्हालाच परत सांगायला लागायच्या, आणि आम्ही त्यावरून हसायचो. खोटं कशाला बोलू, हसायचोच. त्या रविवारी सकाळी मी आवारात चाकं मांडून बसलोय आणि तुम्ही लेंगा-बनियनवर, हातात हातोडी घेऊन जिना उतरताय. वरून आई म्हणतेय, अहो, ऐकू येत नाही तर कशाला जाताय, लोक हसतील. तुम्ही मला टायर उतरवायला लावलेत. मग एकेक चाक जिन्याखालच्या हुकाला सुंभाने टांगलंत, डावा पंजा त्याच्या कडेवर अलगद टेकवलात आणि हातोडीने एक हलका ठोका. डोळे मिटलेले. लोखंडी चारही झाली. अलॉयची दोन झाली. तिसऱ्याला तुम्ही पुन्हा ठोका मारलात, मग चाक थोडं फिरवून पुन्हा. मला सगळ्यांचा आवाज एकसारखाच वाटला, आणि माझे कान तर शाबूत होते.

"हे घालू नकोस. हे गेलंय," तुम्ही म्हणालात. मी कुठे गेलंय ते दाखवा म्हटलं, तुम्ही मध्याजवळ एका बाजूला बोट ठेवलंत. दिसत काहीच नव्हतं, ओरखडासुद्धा नाही. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला दारावरची बेल ऐकू येत नाही, हे काय ऐकू येणार?" तुम्ही चिडलात की गावची भाषा तोंडात यायची. "कानान कोण आयकता रे? हातान आयकतंय मी." एवढं बोलून हातोडी खांद्यावर टाकलीत आणि जिना चढून गेलात. मला पटलं नाही. कान गेलेल्या म्हाताऱ्याचा हट्ट, असंच वाटलं.

सोमवारी मी ते तिसरं चाक पोत्यात घालून कारखान्यात नेलं. आमच्या तपासणी खात्यात लाल रंगाची एक चाचणी करायचे. वस्तूवर पातळ लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. कुठे चीर असेल तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. मी फवारलं आणि बघत राहिलो. सगळं चाक पांढरं आणि मध्याजवळ, आऱ्याच्या मुळाशी, केसाएवढी लाल रेघ हळूहळू वर येतेय. तुम्ही बोट ठेवलं होतंत बरोबर त्याच बाजूला. अण्णा, भीती वाटली ती दरीची नव्हती. आपल्याच घरात, रेडिओशेजारी खुर्चीत बसलेला माणूस हे करू शकतो आणि मला सव्वीस वर्षं त्याचा पत्ता नाही, याची वाटली. मी ते चाक तिथेच कापून टाकलं, उरलेली तीनही कधी घातली नाहीत.

संध्याकाळी येऊन मी लोखंडी चाकं चढवली. तुम्ही गॅलरीतून बघत होतात, किती खूश झाला होतात! मग खाली आलात, पाना माझ्या हातात देताना माझ्या बोटांकडे पाहिलंत. नखांत लाल रंग होता. यार्डात तीस वर्षं काढलेल्या माणसाला तो रंग कशाचा हे कळलं नसेल? तुम्ही एवढंच म्हणालात, "रॉकेलने पूस, साबणाने जात नाही." आणि वर निघून गेलात. मी थांबवलं नाही. शर्यतीत माझा नंबर शेवटून दुसरा आला, तरी तुम्ही पेढे आणलेत.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलोय की अण्णांनी हात लावला, नको म्हणाले, आणि मी त्यांच्या एका शब्दावर चाकं बदलली. कालही तेच सांगितलं. लाल रंगाचं मी कुणालाच सांगत नाही. हा कागद घडी करून हातोडीबरोबर ठेवतोय, दुसरीकडे कुठे पाठवणार. आणि अण्णा, तुम्ही गेल्यापासून मी कितीतरी चाकं तशीच टांगून, डोळे मिटून, पंजा टेकवून ठोकून बघितली. मला अजून काहीच कळत नाही.