कंदांशेजारचं सफरचंद

बाबा,

थंडी मिळावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या पांढऱ्या ट्युलिपच्या एका कंदाला नखाएवढा हिरवा कोंब आलाय. पण त्याच्या शेजारी तुम्ही पुन्हा आईसाठी सफरचंद आणून ठेवलंत. पिकत्या सफरचंदातून निघणाऱ्या वायूने कंदातली कळी आतल्या आत मरते. वरून कंद धडधाकट दिसतो. आईने जपलेले एवढेच कंद उरलेत.

तुम्हाला तरी काय बोलू? ती गेल्यापासून तिची खोली बंद आहे, तरी आतून खोकला ऐकू आला की मीही विचारते, "पाणी आणू का?"

कंद आजच वाफ्यात लावा, टोक वर ठेवून.

मी लॅबला निघाले. वर्षभर जे टाळत होते, ते आत्ताच तिच्या दाराशी उभी राहून मोठ्याने बोलले, "आई, रविवारी आम्ही तुझी खोली रिकामी करतोय."