रेडिओ चालू होता

देवपूर, बुद्धपौर्णिमा १९८९. संध्याकाळ.

आज पंचशील म्हणताना चौथ्या ओळीला जीभ अडखळली. खोटं न बोलण्याची ओळ ती.

सकाळी विहाराच्या भिंतीवरचं बुद्धाचं चित्र माझ्या हातून पूर्ण झालं. विहाराचं सगळं पाहणारे नाना म्हणाले, "ध्यान करीसन काढं ना, माय?" मी हो म्हणून मोकळी झाले. खरं तर आठ दिवस सिनेमाचे बोर्ड रंगवते तशीच शिडीवर बसून रंगवत होते. रेडिओ चालू, गाण्यावर मान डोलतेय. चित्रातल्या बुद्धाच्या ओठांचा कोपरा माझ्या ब्रशखाली किंचित वर गेला तेव्हाही गाणंच लागलं होतं. डोळे मिटून माझं ध्यान लागतच नाही, हातात ब्रश असला की लागतं. मग हो म्हणाले ते अगदीच खोटं होतं का? पण नानांनी हे विचारलंच नव्हतं. पळवाट काढतेय मी.

वंदना संपल्यावर राहवलं नाही. पांढऱ्या साडीचा पदर पिळत त्यांना सगळं सांगून टाकलं, रेडिओसकट. वाटलं, आता चित्रावर चुना मारायला लावतील.

नानांनी चष्मा पुसून भिंतीवरचा तो ओठांचा कोपरा जवळून पाहिला. मग म्हणाले, "तरीच बुद्ध हासी ऱ्हायना!"