घंगाळातलं वरचं पाणी

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला जमतंय. तू समोर असतीस तर पहिल्याच ओळीला म्हणाली असतीस, "सरळ बोल की गं, किती घोळ घालतीस." तर सरळच बोलते. माझ्या पोराच्या बारशादिवशी त्याच्या मांडीवर कढत पाणी पडलं, ते घंगाळात तू नाही, मी ओतलं होतं. आणि हे तुला ठाऊक होतं, हे मला चार दिवसांमागं कळलं.

वडगावात आपल्या गल्लीत घरोघरी माग खडखडायचे, आणि घरोघरी पोरंही व्हायची. बाळंतिणीच्या घरचं पहिलं बोलावणं तुलाच. तू पाटावर बसून पाय लांब करायचीस, नडगीवर पोर पालथं घालायचीस, आणि रडून गाव गोळा करणारं पोर तुझ्या हाताखाली गप व्हायचं. तुझा एक नेम होता. घंगाळात आधी ऊन पाणी, त्यावर गार विसण. उलटं कधीच नाही. मी दहा वर्षांची असताना एकदा गार पाण्यात ऊन ओतलं, तर पाठीत असा धपाटा घातलास की अजून आठवतो. "गारात ऊन वततीस? मढ्याची अंगोळ हाय काय ही?" मी तेव्हा चौथीत, अंगात शहाणपण मावत नव्हतं. म्हटलं, "आत गेल्यावर पाणी सगळं एकच की!" तू म्हणालीस, "साळंत जाऊन जीभ तेवढी लांब झालीया." त्याचा राग मी कितीतरी वर्षं मनात धरून होते.

बारशाचा दिवस. आडावरचं गार पाणी कुणीतरी आणून थेट घंगाळात ओतून ठेवलंय, चुलीवर हंडा कढतोय. पोराला धुरी द्यायला निखारे हवेत म्हणून तू शेजारी निघालीस. "मी येस्तवर पाण्याला हात लावू नगंस," असं बजावून गेलीस. पोर रडतंय. सोप्यात माझ्या सासूबाई सासरच्या, अनगोळच्या बायकांना घेऊन बसल्यात, आणि आमच्याकडं पोरं अशी रडत नाहीत असं दोनदा ऐकवून झालंय. मला वाटतं, हे सगळं गार पाणी उपसून परत भरायचं कुणी? खोटं कशाला बोलू, थोडं मुद्दामही होतं. बघू तरी काय होतंय ते! अंगावर उडू नये म्हणून हंड्यातलं पाणी मी कडेकडेनं, अलगद ओतते. ढवळत नाही. बाहेरनं घंगाळाच्या पोटाला हात लावते, कोमट लागतं. मग वरचंच पाणी तांब्यात भरून घेते.

पोर कसं किंचाळलं ते लिहीत नाही. तू निखाऱ्यांचं खापर दारातच टाकून आत आलीस, पोराला बघितलंस, आणि घंगाळात हात घातलास. तेवढ्यात सासूबाई दारात. "घंगाळात कढत पाणी कुणी वतलं?" माझ्या पाचावर धारण बसली होती. तोंडातनं गेलं, "आईनं."

तुझा हात अजून पाण्यात होता, पार कोपरापर्यंत. तो सावकाश वर काढलास, पदराला पुसलास. म्हणालीस, "व्हय. माजंच चुकलं, विहीणबाई."

त्यानंतर तुला कुणी बोलावलं नाही. अर्ध्या गल्लीची पोरं तुझ्या पायांवर न्हालेली, पण तू रस्त्यानं निघालीस की नव्या बाळंतिणी पोर पदराखाली घ्यायच्या. मग तू मागाच्या कांड्या भरत बसलीस, शेवटपर्यंत. मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी मनाची समजूत घातली होती, की बारशाच्या गडबडीत आपणच ऊन ओतलं आणि विसण घालायचं विसरलो असं तुला वाटलं असणार. या समजुतीवर मी निवांत झोपत आले. तू गेलीस तेव्हा पोर सहा वर्षांचं होतं. तुझ्या अंघोळीला बायकांनी गारात ऊन ओतलं, हंडा मीच आणून दिला होता. सासूबाई तिथंच उभ्या होत्या. तेव्हा तरी तोंड उघडायचं. नाही उघडलं गं.

आता तो मॅट्रिकला आहे. शाळेत शिकला ते घरी आईला शिकवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. चार दिवसांमागं त्यानं चुलीवर पातेलं ठेवलं आणि तापत्या पाण्यात सूत रंगवायच्या लाल रंगाची चिमूट सोडली. रंग मधनं वर यायला लागला आणि कडेनं खाली जायला लागला, परत वर, परत खाली. मी म्हटलं, "अगं बाई, हे ढवळतंय कोण?" तर म्हणाला, "कोण न्हाई. खालचं पाणी तापलं की फुगतंय, हलकं हुतंय, म्हणून वर चढतंय. वरचं गार जड असतंय, ते खाली येतंय. मग ते तापतंय."

मी उगीच विचारलं, "आणि गारावर वरनं ऊन ओतलं तर?"

"अलगद वतलंस तर ते वरच ऱ्हाणार. हलकं पाणी खाली कशाला जाईल? वर कढत, तळाला गार. त्यापेक्षा उनात गार घाल, जड म्हणून खाली जातंय आणि जाता जाता मिसळतंय."

मी घंगाळ घेतलं, तसं करून बघितलं, हात घातला. मनगटाला चटका बसला, बोटं तळाला गारच. तशीच खाली बसले. तू ऊन ओतून विसण विसरली असतीस तर पाणी तळापर्यंत कढत लागलं असतं. आणि गारात ऊन तू जन्मात ओतलं नसतंस. त्या दिवशी हात घातल्याघातल्या तुला कळलं होतं, हे कुणी ओतलंय ते. कळूनच म्हणालीस, माजंच चुकलं. जन्माचं काम सोडलंस, आई, माझ्या सासरी मला बोल लागू नये म्हणून. मला का नाही गं बडवलंस?

पोर हसत होतं. आई एवढी काय घाबरली, त्याला कळेना. मांडीवरच्या डागावर थाप मारून म्हणालं, "आजीला एवढं ठाऊक असतं तर मी भाजलो नसतो. न्हाई, आई?"

मी म्हटलं, "व्हय."